तेलाचा माग

पुठ्ठ्यावर टपकन थेंब पडला आणि मामा म्हणाले, "आलं बघा परत."

मी गुडघे टेकून गाडीखाली पाहिलं. सकाळी अंथरलेला कोरा पुठ्ठा, त्याच्या मधोमध रुपयाएवढा काळा डाग, आणि डागाच्या शेजारी मामांचं पिकलेलं डोकं. मामा पाठीवर पडून, बॅटरी डोळ्यांपाशी धरून इंजिनाचा तळ न्याहाळत होते.

"कुठून येतंय?" मी विचारलं.

"येतंय कुटनं ते अजून म्हाईत न्हाई. पडतंय कुटं तेवढं दिसतंय."

"चेंबरच्या पॅकिंगमधूनच असणार. डाग बरोबर त्याच्या खालीच आहे की."

मामा गाडीखालून सरपटत बाहेर आले, उठून बसले आणि हाताला लागलेलं तेल अंगठ्यानं चोळत म्हणाले, "पाव्हणं, तेल पडतंय तितं गळत नसतं. ते वर कुटंतरी फुटतंय, लोखंडाच्या कडंकडंनं उतरतंय, वाऱ्यानं मागं सरकतंय आणि हितं येऊन टपकतंय. माग वरनं घ्यायचा. खालनं घेतला की चोर सोडून संन्याशाला फाशी."

मामा म्हणजे माझे सासरे, केरबा साळोखे. आमच्याकडे जावई सासऱ्याला मामा म्हणतो आणि सासरा जावयाला पाव्हणं म्हणतो, मग तो जावई रोज संध्याकाळी दाराशी का येईना. मी तर त्या आठवड्यात रोज सकाळ-संध्याकाळ येत होतो. मामांचं गॅरेज कोल्हापुरात उद्यमनगरात होतं. वर पत्रा, खाली काळी पडलेली जमीन आणि भिंतीवर पान्यांच्या आकाराचे खिळे ठोकलेले. कुठला पाना कुठल्या खिळ्यावर, हे मामा डोळे मिटून सांगायचे. डोळे उघडून सांगणं मात्र तेव्हा त्यांना जड जायला लागलं होतं, कारण उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता.

गाडी माझ्या वडिलांची. सत्तावन्न सालची फियाट, पुढून फुगीर नाकाची, जिला सगळे डुक्कर फियाट म्हणतात ती. वडील भुदरगडात गुरांचे डॉक्टर होते. त्यांच्यामागं पाच वर्षं ती गारगोटीच्या शेडमध्ये पडून होती. त्या साली, म्हणजे शहाण्णव साली, कोल्हापुरात जुन्या गाड्यांची रॅली ठरली आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. गाडी कोल्हापुरात आणली, रंग दिला, गाद्या शिवून घेतल्या. इंजिन मामांनी बांधलं, बाहेरच्या नळ्या तेवढ्या मी बसवल्या. सगळं झालं आणि तेल गळायला लागलं.

रॅली रविवारी होती. शनिवारी चार वाजता मैदानावर तपासणी. तपासणीचा एक नियम रॅलीच्या सेक्रेटरींनी, इनामदारांनी, मोठ्या हौसेनं केला होता. गाडी दहा मिनिटं चालू ठेवायची, खाली पांढरा कागद पसरायचा, आणि कागदावर एक थेंब जरी पडला तरी गाडी बाद.

मला बाद होऊन चालणार नव्हतं, कारण मी सरकारी आयटीआयत मोटार मेकॅनिकचा इन्स्ट्रक्टर होतो. फळ्यावर मी इंजिनाची अशी आकृती काढायचो की पोरं पुसू द्यायची नाहीत. आमचे प्रिन्सिपॉल आणि तिघे इन्स्ट्रक्टर तपासणीला येणार होते. मामांना तर त्याहून चालणार नव्हतं. ते चौथी शिकलेले. पण केरबानं बांधलेलं इंजिन गळत नाही, असं उद्यमनगरात एक कारखानदार दुसऱ्याला सांगायचा. तेवढी एकच पाटी त्यांच्या गॅरेजला होती. दारावर दुसरी पाटी त्यांनी कधी लावलीच नाही.

"शनवारी कागद कोरा ऱ्हायला पायजे," मामा त्या दिवशी म्हणाले. "न्हाईतर उद्यमनगरातनं हिंडायचं कसं?"

सोमवारी त्यांनी अगदी वरून सुरुवात केली. टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवं कापलं. पूर्ण इंजिन रॉकेलनं धुतलं, फडक्यानं कोरडं केलं आणि मला म्हणाले, "घरातनं पावडरचा डबा आणा."

"कसली पावडर?"

"तोंडाला लावायची."

मी इंदूचा डबा तिला न विचारता उचलून आणला. मामांनी मूठभर पावडर तळहातावर घेतली आणि फुंकर मारून इंजिनावर उडवली. वरपासून खालपर्यंत पांढरी साय धरली. यात युक्ती अशी की इंजिन चालू केलं की जिथून तेल फुटतं तिथं पावडर आधी काळी पडते. आता चोर सापडणार म्हणून आम्ही दोघं बॉनेटमध्ये डोकी घालून बसलो होतो, तेवढ्यात इंदू जेवणाचा डबा घेऊन आली. इंदू म्हणजे माझी बायको, मामांची एकुलती लेक. तिनं आधी इंजिन पाहिलं, मग पावडरचा डबा पाहिला.

"बाबा, इंजिनाला न्हाऊमाखू घातलंत होय? तीट लावायची राहिली बघा."

"तीट त्यानं आपली आपण लावलीया," मामा म्हणाले आणि बोट दाखवलं. टायमिंग कव्हरच्या कडेला पावडरीत एक काळी रेघ उमटली होती.

मंगळवारी टायमिंग कव्हर उघडून त्याचं सील बदललं. बुधवारी तिथं ठणठणीत कोरडं, आणि काळी रेघ चेंबरच्या उजव्या अंगाला. चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाची तेलाची परात. ती उतरवली, पॅकिंग बदललं. संध्याकाळी पाहतो तर मागच्या बाजूनं, गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल. एकीकडं बोट लावावं तर दुसरीकडं फुटायचं. मामांची तीन रात्रींची झोप गेलेली दिसत होती. विडी पेटवताना त्यांचा हात हलायचा. पाना धरला की हलायचा नाही, पण मी विडीचाच हात लक्षात ठेवला.

बुधवारी संध्याकाळीच त्यांनी मला ते विचारलं. हात धुता धुता, अगदी सहज.

"पाव्हणं, ब्रीदर बघिटला काय हो तुम्ही?"

ब्रीदर म्हणजे इंजिनाच्या बाजूची एक नळी. मी चिडलेलो होतो. दिवसभर वर्गात उभा, संध्याकाळी इथं उभा. म्हणालो, "बघितलाय. पहिल्याच दिवशी बघितला. साफ आहे."

"बघिटलाय न्हवं?"

"मामा, मी पोरांना रोज तेच शिकवतो."

"तसं न्हवं वो," ते ओशाळून म्हणाले. "बरं."

इंदू रिकामा डबा आवरत होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा बघा की. त्यात काय एवढं?"

"गप गं," मामांनी तिला दटावलं. "पाव्हण्यांनी बघिटलंय म्हटल्यावर आपण परत उघडायचं म्हंजे त्यांचं पाणी जोखायचं. जावयाच्या शब्दावर शब्द ठेवू ने."

मला तेव्हा बरं वाटलं. मान मिळाला की कुणाला बरं वाटत नाही?

गुरुवारी त्यांनी गिअरबॉक्स खाली उतरवला. साठी उलटलेला माणूस, छातीवर ते धूड पेलून खाली घेत होता. मागचं सील बदललं, पुन्हा सगळं जोडलं. शुक्रवारी संध्याकाळी इंजिन पाच मिनिटं चालवलं. पुठ्ठा कोरा राहिला.

"अजून धा मिंटं चालवू," मामा म्हणाले. "ते तापू दे चांगलं."

"नको मामा. मला पॉलिश करायचंय, क्रोम घासायचाय. गळती थांबलीय ना?"

"थांबल्यागत दिसतंय खरं."

"झालं तर मग."

शनिवारी चार वाजता मैदानावर पंधरा-सोळा गाड्या ओळीनं उभ्या होत्या. ऊन तिरपं झालं होतं आणि आमच्या गाडीचं फुगीर नाक असं चमकत होतं की येणारा-जाणारा त्यात भांग पाडून घ्यायचा. आमचे प्रिन्सिपॉल आले, मला पाठीवर थाप मारून गेले. इंदूनं मोरपंखी साडी नेसली होती. मामा धुतलेला पायजमा आणि इस्त्रीचा सदरा घालून थोडे लांब, मैदानाच्या कठड्यापाशी उभे होते. मीच त्यांना हात करून जवळ बोलावलं.

इनामदार पांढऱ्या कागदाची गुंडाळी घेऊन आले. हसतमुख, बोलघेवडा माणूस. जिथं उभा राहील तिथं चार माणसं गोळा करणारा. त्यांनी गाडीखाली कागद पसरला, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "करा चालू, मास्तर."

पाच मिनिटं झाली. सहा झाली. लोक वाकून वाकून बघत होते. सातव्या मिनिटाला मागच्या सांध्यापाशी तेलाचा मणी धरला, लोंबला, आणि कागदावर पडला. पाठोपाठ दुसरा पडला, तो पुढून, टायमिंग कव्हरच्या खाली.

"अरेरे," इनामदार म्हणाले. "काम कुणाकडं केलंत मास्तर?"

प्रिन्सिपॉल बघत होते. तिघे इन्स्ट्रक्टर बघत होते. मी मामांकडं हात केला आणि म्हणालो, "आमच्या सासऱ्यांनी केलंय. त्यांचं वय झालंय आता. मी सांगत होतो नव्या माणसाकडं देऊ म्हणून."

मी असं कधीच सांगितलं नव्हतं.

मामा पुढं आले. माझ्याकडं न पाहता इनामदारांना म्हणाले, "सायेब, धा मिंटं द्या."

"दिली की. धा कशाला, पंधरा घ्या. अजून चार गाड्या बघायच्यात मला."

पण इनामदार हलले नाहीत आणि लोकही हलले नाहीत. कोल्हापुरात उघडं बॉनेट दिसलं की माणूस हलत नाही. मामांनी इंजिन चालूच ठेवलं. डोळे बारीक करून नुसते उभे राहिले, कान देऊन. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. तेल ओतायच्या तोंडाचं टोपण चालू इंजिनावरच फिरवून उघडलं.

फस्सकन वाफ आली. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो, माझ्या तोंडावर तिचा गरम वास आला. मामांनी टोपण हातात धरून खाली वाकून पाहिलं. मागच्या सांध्यातला मणी लोंबायचा थांबला होता. टोपण परत लावलं, मणी भरायला लागला. उघडलं, थांबला.

मी मोटार मेकॅनिक शिकवत होतो. त्या क्षणी मला कळलं. मामांनाही कळलं. चालू इंजिनाच्या पोटात वाफेचा दाब धरतो. तो बाहेर जावा म्हणून बाजूला एक नळी ठेवलेली असते. तीच ब्रीदर. ती तुंबली की दाब कोंडतो आणि तेलाला मिळेल त्या सांध्यातून बाहेर ढकलतो. एक सील बदललं तर दुसरं, दुसरं बदललं तर तिसरं. आठवडाभर मामांनी बदललेल्या एकाही सीलमध्ये खोट नव्हती.

त्यांनी इंजिन बंद केलं. खिशातून सायकलचा स्पोक काढला, टोकाला आकडा वळवला आणि हात खाली, ब्रीदरच्या नळीपाशी घातला. नळी मागं वळून खाली जाते, लोकांना दिसण्यासारखी नव्हती. मला दिसत होती. आकड्याला काहीतरी लागलं. मामांनी हळूहळू ओढलं.

आधी एक काळं टोक आलं. मग तेलानं निथळणारी चिंधी आली, वीतभर. काळ्याखाली तिचा निळा रंग कडेला उरला होता आणि कोपऱ्यात लाल दोऱ्याची शिवण होती. 'प्र. इं.' प्रताप इंगवले, म्हणजे मी.

आयटीआयचे एप्रन एकाच गठ्ठ्यात धुवायला जायचे आणि बदलून यायचे, म्हणून इंदू माझ्या प्रत्येक एप्रनच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं ती दोन अक्षरं घालायची. गाडी गारगोटीहून आणायच्या आधी दोन महिने मी तिथं गेलो होतो. शेडमध्ये कुंभारीण माश्या झाल्या होत्या. मिळेल त्या नळीत त्या मातीचं घर बांधतात. म्हणून मी जुना एप्रन फाडला आणि गाडीची सगळी तोंडं बुजवून टाकली. कार्ब्युरेटरचं, सायलेन्सरचं आणि ब्रीदरचं. काढताना दोनच काढली. आणि मामांनी विचारलं तेव्हा मी बघितलाय म्हणालो, कारण इन्स्ट्रक्टरनं ब्रीदर बघितला नाही असं कसं होईल?

मामांनी चिंधी मुठीत दाबली. लाल शिवण त्यांनी पाहिली होती. लेकीच्या हातची शिवण बापाला कळायला मोतीबिंदू आड येत नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

ते रागानं बघत नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. नुसतं बघत होते, जसं एखाद्याला दार उघडून द्यावं आणि तो आत येईतो कडी धरून उभं राहावं. एक श्वास, फार तर दोन श्वास.

मी पुढच्या टायरकडं बघितलं.

"काय होतं हो मिस्त्री?" इनामदारांनी विचारलं.

मामांनी मूठ पायजम्याच्या खिशात घातली. "चिंधी, सायेब. काम करताना नळीत ऱ्हायली. माझीच चूक."

"काय सांगता!" इनामदारांनी भोवतीच्या लोकांकडं पाहिलं. "म्हणजे ऑपरेशन केलं आणि कात्री पोटातच ठेवली की हो!"

मैदानभर हशा झाला. आमचे प्रिन्सिपॉल हसले. मला सांगायला लाज वाटते, पण सांगतो, मीही हसलो.

मामा हसले नाहीत. त्यांनी इंजिन पुसलं, टोपण घट्ट केलं, खाली नवा कागद पसरला आणि म्हणाले, "करा चालू."

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. कागद कोरा राहिला. दुसऱ्या दिवशी रॅलीत मला दुसरा नंबर मिळाला. ती ढाल अजून आमच्या दिवाणखान्यात आहे.

कोल्हापूरकर नाव ठेवायला बसला की मागं बघत नाही. आठवड्याभरात उद्यमनगरात मामांना चिंधी मिस्त्री म्हणायला लागले. वाईट बुद्धीनं नाही, गमतीनंच. "चिंधी मोजून घेतली का मिस्त्री?" असं गाडी घेऊन जाताना गिऱ्हाईक म्हणायचं आणि मामा हसून मान हलवायचे. पण गंमत करता करता माणसं दुसऱ्या गॅरेजला जायला लागली. इंजिन उघडायचं म्हणजे पोट उघडायचं, आणि चिंधी विसरणाऱ्याच्या हाती पोट कोण देतो? मामांकडं ट्यूब बदलायची, हवा भरायची असली कामं उरली.

मी रोज ठरवायचो, आज जाऊन सांगतो. मग वाटायचं, आता सांगून काय होणार? मग वाटायचं, मामा स्वतःहूनच म्हणाले ना चूक माझी, मी कुठं त्यांना म्हणायला लावलं? माणसाला स्वतःची समजूत घालायला बाहेरचं कुणी लागत नाही.

त्या दिवाळीत पाडव्याला आम्ही सासुरवाडीला जेवायला गेलो. जेवण झाल्यावर इंदू आणि सासूबाई आत भांडी आवरत होत्या. मामा आणि मी बाहेर सोप्यात बसलो होतो. मामांनी पान जमवून माझ्यापुढं केलं.

मग ते म्हणाले, "पाव्हणं, त्या शनवारचं काय इचारायचं हाय का तुम्हाला? आत बायका हाईत. हितं कोण न्हाई."

आजही मला ते वाक्य जसंच्या तसं ऐकू येतं. काय सांगायचं हाय का, असं म्हणाले असते तर ती उलटतपासणी झाली असती. जावयाची उलटतपासणी करायची नाही, म्हणून त्यांनी शब्द फिरवून विचारलं. दार परत एकदा उघडून धरलं.

आणि मी पान तोंडात घालून म्हणालो, "जाऊ द्या हो मामा. चुका सगळ्यांच्याच हातून होतात. मी तर कधीच विसरलो ते."

मी त्यांना क्षमा केली!

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मग हळूच हसले. "बरं झालं," म्हणाले. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, सदऱ्याच्या खिशातून एक निळं फडकं काढलं आणि काचा पुसायला लागले. फडकं स्वच्छ धुतलेलं होतं. धुऊन त्याचा निळा रंग परत आला होता. कोपऱ्यातला लाल दोरा त्यांनी आतल्या बाजूला दुमडून घेतला होता. दोन्ही काचा पुसून झाल्या, फडक्याची चौकोनी घडी झाली, खिशात गेली.

"थंडी पडाय लागली," ते म्हणाले. "आत बसू या."

पुढच्या वर्षी त्यांनी गॅरेज बंद केलं. डोळ्यांमुळं बंद केलं असं सगळ्यांना सांगितलं. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन मात्र गॅरेज बंद व्हायच्या आधीच झालं होतं आणि त्यांना सुईत दोरा ओवता येत होता. दोन हजार एक साली, माघात, ते गेले. शेवटपर्यंत त्यांनी मला पाव्हणंच म्हटलं आणि माझ्या ताटात आधी वाढायला लावलं.

इंदूला ती गोष्ट सांगायची सवय आहे. घरी कुणी नवं माणूस आलं आणि त्याची नजर ढालीकडं गेली की ती सुरू करते. पावडरचा डबा, तीट, पांढरा कागद, पोटातली कात्री, सगळं रंगवून सांगते आणि शेवटी म्हणते, "मग बाबा म्हणाले, चिंधी माझीच." एवढं बोलून ती थांबते. मी समजत होतो की लोकांनी हसावं म्हणून थांबते. लोक हसायचेही.

गेल्या महिन्यात आमच्या लेकीचं लग्न होऊन जावई पहिल्यांदा जेवायला आले. चुणचुणीत मुलगा आहे, गाड्यांचा शौकीन. ढाल बघून त्यानं विचारलं आणि इंदूनं सुरुवात केली. मी समोर बसलो होतो. आता मी सासरा होतो, आणि आमच्या रीतीप्रमाणं त्याला पाव्हणं म्हणत होतो. कदाचित त्यामुळं असेल, मी पहिल्यांदाच ती गोष्ट नीट ऐकली.

"मग बाबा म्हणाले, चिंधी माझीच," इंदू म्हणाली आणि थांबली.

जावई हसले. लेक हसली. इंदू हसत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. ते बघणं मी ओळखलं. मैदानावर, उघड्या बॉनेटपाशी, अगदी असंच कुणीतरी कडी धरून उभं होतं. मग हळूहळू मला बाकीचं उमगलं. मामा गेले तेव्हा त्यांचे कपडे इंदूनंच धुतले होते. सदऱ्याचे खिसे तिनंच रिकामे केले होते. आणि लाल दोरा तिच्या हातचा होता.

म्हणजे तेवीस वर्षं, दर वेळी, ती त्याच जागी माझ्यासाठी थांबत होती.

त्या दिवशी टायर समोर नव्हता. ताटातल्या पुरणपोळीकडं बघता आलं असतं. मी नाही बघितलं.

"चिंधी माझी होती," मी म्हणालो. "ब्रीदर मी बघितलाच नव्हता. मामांना माहीत होतं."

इंदूनं माझ्या पोळीवर तूप वाढलं. वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसला.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "बाबांना सांगायचं होतं."